पट्टी धरून कोण शेकतं?

मेश्राम मॅडमनी माझ्यावर पहिला संशय घेतला तो मी कामावर रुजू झालो त्याच सकाळी. कारण काय, तर मी चांगला दिसत होतो.

नागपुरात धंतोलीतल्या एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आमचं स्कॅन सेंटर. मॅडम तिथल्या रेडिओलॉजिस्ट, म्हणजे माणसाच्या आतले फोटो वाचणाऱ्या डॉक्टर, आणि मी त्यांचे रिपोर्ट टाइप करणारा. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तेल लावून बसवलेले केस आणि हौशी नाटकांत वर्षानुवर्षं घासून चकचकीत केलेलं विनम्र हसू, एवढा सरंजाम घेऊन मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. त्यांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. मग चष्मा बदलून पाहिलं.

"फार चांगले वाटता, देवतळे. काही लपवून राहिले का?"

लपवत होतोच. मला टाइपिंग दोन बोटांनीच येत होतं. पण हे त्यांना माझ्या भांगावरून कसं कळलं, याचा उलगडा मला अकरा वर्षांत झाला नाही.

मॅडम बुटक्या आणि रुंद. साडीवर काळे बूट. गळ्यात दोन दोऱ्यांना दोन चष्मे, कारण एकाच चष्म्याच्या भरवशावर राहायचं नाही. चहा घरच्या थर्मासमधला. खालच्या टपरीचा चहा त्यांनी एकदाच घेतला होता. एक घोट घेऊन टपरीवाल्याला विचारलं, "याच्यात आलं आहे, का आल्याची अफवा आहे?" तेव्हापासून तो माणूस मॅडम दिसल्या की आल्याची फोड हातात धरून लांबूनच दाखवायचा.

हे घराण्यातच होतं. त्यांचे वडील कापडाच्या गिरणीत दोष तपासायला होते. तागा उजेडासमोर धरायचा, सुटलेला धागा शोधायचा आणि खडूने त्याभोवती गोल काढायचा. "आमच्या घरी पोळीबी उजेडात धरूनच खात," मॅडम सांगायच्या. खरं-खोटं त्या जाणोत. पण एकदा सीताबर्डीच्या दुकानात त्यांच्या पिशव्या धरायचा मान मला मिळाला होता, तेव्हाचं सांगतो. दुकानदाराने निळी साडी दाखवली. मॅडमनी ती उचलली आणि थेट रस्त्यावर. ऑटो थांबले, एक सायकलवाला बोर्डावर धडकला, आणि मॅडम भर उन्हात साडी डोक्यावर ताणून एक डोळा मिटून बघतायत. दुकानदार हात जोडून मागे धावत आला. "मॅडम, एकदम ओरिजिनल माल आहे!" मॅडम म्हणाल्या, "म्हणूनच पाहून राहिले." दहाव्या मिनिटाला त्यांना काठाजवळ एक सुटलेला धागा सापडला. तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला आणि त्यांनी तीच साडी घेतली. दोष सापडला होता ना. आता वस्तू ओळखीची झाली होती.

ऑफिसातही तेच. रिपोर्ट इंग्रजीत आणि बोलणी वऱ्हाडीत, असा आमच्या खोलीचा रिवाज. मजकूर सांगताना दिवसातून एकदा त्या मुद्दाम एक चुकीचं वाक्य घुसडायच्या. डाव्या फुफ्फुसाला तीन भाग आहेत, असं काहीतरी. असतात दोनच. मी ते निमूट टाइप केलं, की कागद परत यायचा आणि चुकीभोवती गोल. तोही खडूनेच, बरं का, पेनाने नाही.

डॉक्टरांची चिठ्ठी त्या आधी वाचत नसत. चिठ्ठी टेबलावर पालथी घालायची, फोटो पाहायचा, मत ठरवायचं आणि मग चिठ्ठी उलटी करायची. "चिठ्ठीत टीबी लिहिलेला असला का डोळे टीबीच शोधतात. डोळ्याइतकं लाळघोटं दुसरं काही नाही." सकाळी वाचलेले अवघड फोटो जेवणानंतर पुन्हा काढायच्या, कारण सकाळच्या मेश्रामबाईंवर दुपारच्या मेश्रामबाईंचा विश्वास नव्हता.

आणि त्यांचा एक लाडका सिद्धांत होता, तो त्या येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना ऐकवायच्या. "निसर्गाले पट्टी धरता येत नाही. नदी पाहा, पान पाहा, तुमचं नाक पाहा देवतळे. काही सरळ आहे का? माणसाच्या आत सरळ रेघ दिसली, का समजायचं, बाहेरून कोणाचा तरी हात लागला."

स्कॅनच्या मशीनवरसुद्धा त्यांचा विश्वास नव्हता. मशीनबरोबर एक रेकॉर्ड केलेला हिंदी आवाज आला होता, मधाळ, विमानात पट्टा बांधायला सांगणाऱ्या बाईसारखा. "इतक्या गोड आवाजाचं कोण ऐकते?" म्हणत मॅडमनी तो काढून टाकला आणि आमचे टेक्निशियन राऊत यांच्याकडून स्वतःचा आवाज भरून घेतला. आत झोपलेल्या माणसाला ऐकू यायचं, "श्वास घ्या. धरा. धरून ठेवा. मी पाहून राहिले." मग शांतता. मग, "सोडा." या 'मी पाहून राहिले'ने भलेभले पहिलवान श्वास रोखून निश्चल पडत. आता मॅडम अमरावतीला मुलीकडे असतात आणि मुलीवर संशय घेतात. पण मशीन अजून त्यांच्याच आवाजात बोलतं. काढायची कोणाची हिंमत नाही.

फोटो आपोआप वाचणारा एक संगणकाचा प्रोग्राम विकायला एकदा दोन टायवाले आले. फुफ्फुसाचा फोटो घातला की तो संशयाच्या जागी चौकट काढणार, म्हणजे मॅडमचा अर्धा धंदाच बसला. मॅडम गोड हसल्या. मी आणि राऊत चपापलो, कारण त्या गोड हसल्या की कोणाची तरी शंभरी भरलेली असायची. पेशंट नव्हते. मॅडमनी डब्यातलं संत्रं काढलं, मशीनमध्ये ठेवायला लावलं आणि त्याचा फोटो प्रोग्रामला खाऊ घातला. प्रोग्रामने थोडा विचार केला आणि दोन बियांना दोन चौकटी काढून दिल्या, संशयास्पद गाठी म्हणून. मॅडमनी त्या टायवाल्यांपुढेच संत्रं सोलून खाल्लं. पण प्रोग्राम ठेवून घेतला. "मोजायले चांगला आहे," म्हणाल्या. "सांगायले नका बसवू."

आता मूळ गोष्टीवर येतो. ती सांगायची म्हणजे आधी माझी चूक सांगावी लागेल, म्हणून इतका वेळ इकडे-तिकडे फिरलो.

त्या दिवशी काउंटरवरच्या बाई सुट्टीवर होत्या आणि पेशंटची माहिती लिहून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. सावनेरहून एक जोडपं आलं. शकुंतलाबाई पन्नाशीच्या, सडसडीत, दर चार शब्दांनी कोरडा खोकला. नवरा नामदेवराव कोळशाच्या खाणीतून निवृत्त झालेला, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून बसलेला. दोन-तीन आठवडे खोकला, धाप, संध्याकाळी बारीक ताप. सावनेरच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर टीबीचा संशय लिहिला होता. स्कॅन झालं की औषध सुरू करणार होते.

"आणखी काही उपाय केला का?" मी विचारलं.

नामदेवरावांनी दाराकडे पाहिलं, लिफ्टकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "छातीले शेक घेतला होता जी."

माझ्या डोळ्यांपुढे रबरी पिशवी आली. ओव्याची पुरचुंडी आली. तव्यावर तापवलेलं फडकं आलं. मी फॉर्मवर सुंदर अक्षरात लिहिलं: घरगुती उपाय, गरम शेक.

स्कॅनही सरळ झालं नाही. आत मॅडमचा आवाज म्हणायचा "धरा", आणि बाईंना दोन सेकंदांत खोकला. पुन्हा "धरा", पुन्हा खोकला. "मी पाहून राहिले" ऐकून बाई आतूनच म्हणाल्या, "पाहून राहिल्या तं दिसत नाही का वं तुले, जमत नाही मले!" राऊत हसू दाबत बटणावर वाकले. तिसऱ्या वेळी कसाबसा फोटो मिळाला.

मॅडमनी चिठ्ठी पालथी घातली आणि फोटो पाहू लागल्या. प्रोग्रामने उजव्या फुफ्फुसाच्या पुढच्या बाजूला चौकट काढून ठेवलीच होती: संसर्ग. तिथे काचेवर वाफ धरावी तसा पांढुरका धूर दिसत होता. मॅडम पुढे वाकल्या. चष्मा बदलला. मग चिठ्ठी उलटी केली, माझा फॉर्म वाचला आणि फार शांत आवाजात हाक मारली.

"देवतळे, इकडे या. हा धूर कुठं थांबला?"

मी पाहिलं. धूर एका ठिकाणी अचानक संपत होता. फुफ्फुसाच्या भागांमधली नैसर्गिक सीमा वेगळीकडे होती, आणि हा तिला न जुमानता सरळ कापल्यासारखा थांबला होता. सुरीने पनीर कापावं तसा.

"जंतू इतका शिस्तीचा असते का? अन् ह्या पाहा, काखेत धातूच्या बारीक चिमट्या. ऑपरेशनच्या. ह्या काय गरम पाण्याच्या पिशवीतून गळल्या?" त्यांनी फॉर्म माझ्या नाकापुढे धरला. "घरगुती शेक! घरी पट्टी धरून कोण शेकते हो, देवतळे?"

आणि मग अकरा वर्षांत न घडलेली गोष्ट घडली. मॅडम उठल्या आणि स्वतः बाहेर जाऊन त्या दोघांना आपल्या खोलीत घेऊन आल्या. नामदेवराव खुर्चीच्या टोकावर बसले. मॅडमची नजर पिशवीवर.

"पिशवीत काय आहे?"

"शिदोरी जी. भाकर अन् ठेचा."

"इतकी चपटी? भाकरीवर बसून आले का?"

नामदेवरावांनी पिशवी छातीशी ओढली. "दार लावता का जरा?" त्यांनी मला विनवलं. मी लावलं. मग पिशवीतल्या शालीच्या घडीतून एक फाईल निघाली. स्तनात गाठ झाली होती. कॅन्सर. ऑपरेशन झालं, मग पाच आठवडे मशीनचा शेक, म्हणजे किरणोपचार. तो संपून अडीच महिने झालेले.

"तिथं सगळे शेकच म्हणत जी. आम्ही खोटं नाही बोललो." नामदेवराव कुजबुजले. "पण तो दुसरा शब्द कसा काढू? तुमच्या लिफ्टवरचा बंडू आमच्या होणाऱ्या जावयाचा मामा हाये. इथं तोंडातून शब्द निघाला का आम्ही घरी पोचायच्या आधी त्याच्या बहिणीच्या घरी पोचते. दोन महिन्यावर लग्न हाये."

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागलो. मागच्या महिन्याचं पान होतं, तरी वाचलं.

"मॅडम," नामदेवराव अचानक पुढे झुकले, "टीबी लिहा ना. टीबीच्या गोळ्या असतात. लोक ऐकून घेतात. पण तो परत आला, असं नका लिहू."

टीबी व्हावा म्हणून हात जोडणारा माणूस मी आयुष्यात एकदाच पाहिला. मॅडमनी फाईल मिटली. मग म्हणाल्या, "कोणाच्या सांगण्यावरून मी टीबी लिहीत नाही, अन् कोणाच्या भीतीवरून कॅन्सरबी लिहीत नाही. थांबा जरा."

त्यांनी शेक दिलेल्या दवाखान्यात फोन लावला. किरणं कुठून कुठे गेली, त्याचा नकाशा मागवला. तो दुपारी संगणकावर आला. मॅडमनी नकाशातली किरणांची कड आणि फोटोतली धुराची कड एकमेकींवर ठेवली. बसली! केसभरही इकडे-तिकडे नाही. मी टाळी वाजवणार होतो, पण मॅडमचा चेहरा आणखीच आंबट झाला.

"फार चांगलं जुळून राहिलं," त्या पुटपुटल्या, आणि जेवणानंतर सगळं पुन्हा पहिल्यापासून पाहिलं.

मग त्यांनी दोघांना समजावलं. शेकाची किरणं गाठीच्या जागेवर मारतात, पण वाटेत फुफ्फुसाची थोडी कड लागते. तिला दोन-तीन महिन्यांनी सूज येते. ताप येतो, धाप लागते, टीबीसारखंच सगळं. सूज उतरवायच्या स्टेरॉइडच्या गोळ्या कॅन्सरचे डॉक्टर देतील, पण आधी थुंकीत जंतू नाहीत याची खात्री करायची. आणि तोवर टीबीची औषधं सुरू करायची नाहीत.

"म्हणजे तो परत नाही आला?" नामदेवराव.

"आज मले तो दिसून नाही राहिला. पण ह्या धुराच्या मागे कोणी लपलं नसेल, असं मी आज सांगणार नाही. धूर उतरू द्या. सहा आठवड्यांनी या."

शकुंतलाबाई इतका वेळ पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. "मले एकच सांगा. पोरीच्या लग्नात मी उभी राहीन का?"

"सहा आठवड्यांनी सांगते."

"आता काहून नाही?"

"आता सांगितलं तर ते तुमचं मन राखायले सांगितलेलं होईल."

बाईंनी मॅडमकडे निरखून पाहिलं. दोन संशयी बायका समोरासमोर, मी मध्ये! मग बाई म्हणाल्या, "बरोबर हाये. बंडूभाऊले मीच सांगीन, माह्या तोंडानं. पण असं खोकत खोकत नाही सांगणार. खोकत सांगतलं तं पोरीची कीव करतील."

दुसऱ्या दिवसापासून मॅडम जिन्याने येऊ लागल्या. तीन मजले, दुखरे गुडघे, प्रत्येक वळणावर थांबून धापा. मला वाटलं, लिफ्टच्या दोरावर संशय आला. विचारलं, तर म्हणाल्या, "बंडू रोज विचारते, काय मॅडम, काय चाललं? माझ्या चेहऱ्यावर माझा भरवसा नाही." सहा आठवडे! बिचारा बंडूभाऊ रोज दार उघडून उभा राहायचा, आणि मॅडम त्याच्याकडे न पाहता कठडा धरून वर चढायच्या. तो मला विचारायचा, "देवतळेजी, माहं काही चुकलं का जी?"

सहा आठवड्यांनी दोघं आली. बाईंचे गाल स्टेरॉइडच्या गोळ्यांनी फुगले होते, पण पदर तोंडाशी नव्हता. राऊतांनी त्यांना आत झोपवलं. मॅडम एरवी तिथे येत नसत, पण त्या दिवशी काचेमागे येऊन उभ्या राहिल्या.

"श्वास घ्या," मशीनमधल्या मॅडम म्हणाल्या. "धरा. धरून ठेवा. मी पाहून राहिले."

शांतता. पलंग सरकत होता. खोकला येईल म्हणून राऊतांनी खांदे आवळले. आला नाही. मी सहज बाजूला पाहिलं, तर काचेबाहेरच्या मॅडमनी दोन्ही गाल फुगवले होते. डोळे मोठे, चष्मे दोन्ही छातीवर, चेहरा हळूहळू लाल. त्यांनीही श्वास धरला होता.

"सोडा," मशीन म्हणालं. आत शकुंतलाबाईंनी सोडला आणि बाहेर मॅडमनी, इतक्या जोरात की काचेवर वाफ धरली. मी कॅलेंडर शोधू लागलो.

फोटो आला. धूर ओसरला होता. कडेला एक बारीक पट्टा उरला होता, सरळ, जुन्या शिवणीसारखा. त्याच्या मागे कोणी नव्हतं. प्रोग्रामने मोजून दाखवलं, डाग किती आटला ते. मॅडमनी पहिला प्रश्न राऊतांना विचारला, "हा दुसऱ्याच बाईचा फोटो तर नाही?" नाव तपासलं. काखेतल्या चिमट्या जुन्या फोटोशी ताडून एकेक मोजल्या. जेवण झाल्यावर पुन्हा मोजल्या. तेव्हाच रिपोर्ट सांगायला बसल्या, आणि त्या दिवशी चुकीचं वाक्य घालायला विसरल्या. मी वाट पाहत राहिलो.

"आज काही दिसत नाही," त्यांनी शकुंतलाबाईंना सांगितलं. यापेक्षा बरं वाक्य त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेलं नाही. "पण तपासण्या चुकवायच्या नाहीत. मी विश्वास ठेवून नाही राहिले त्याच्यावर."

"अन् लग्नात?"

"उभ्या राहा. खुर्ची जवळ ठेवा."

नामदेवराव पिशवीत तोंड घालून काहीतरी शोधत राहिले. बऱ्याच वेळाने वर आले तेव्हा हातात खरोखरची शिदोरी होती. मॅडमनी भाकरी उजेडात धरली, आणि घेतली.

जाताना शकुंतलाबाई नवऱ्याला म्हणाल्या, "तुमी जिन्यानं या जी. मले बंडूभाऊसंगं बोलाचं हाये." आणि एकट्याच लिफ्टमध्ये शिरल्या. तिसऱ्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत किती वेळ लागतो? त्या दिवशी लिफ्ट खाली जाऊन बराच वेळ वर आली नाही. लोक बटण दाबून कंटाळले.

पुढच्या महिन्यात मॅडम निवृत्त झाल्या. निरोपाचा समारंभ झाला, भाषणं झाली, मीही एक दणदणीत केलं. पण माझ्याकडे मॅडमची शेवटची म्हणून जी छबी आहे ती त्या समारंभातली नाही. ती शकुंतलाबाई लिफ्टने खाली गेल्या त्या दिवशीच्या संध्याकाळची आहे.

मॅडम घरी निघाल्या. जिन्याच्या तोंडाशी थांबल्या, गुडघ्यावर हात ठेवला आणि वळून लिफ्टपाशी आल्या. बंडूभाऊने घाईघाईने दार उघडलं. मॅडम आत जाऊन दाराकडे तोंड करून उभ्या राहिल्या, थर्मास पोटाशी धरून.

"मॅडम," बंडूभाऊला राहवेना, "आमच्या भाच्याचं लग्न हाये. सावनेरची पोरगी. विहीणबाई आजच भेटल्या. लय चांगले लोक हायेत जी."

मॅडमनी चष्म्याच्या वरून त्याच्याकडे पाहिलं. चष्मा बदलला. पुढचं वाक्य मला कामाच्या पहिल्या सकाळपासून पाठ होतं, मी बाहेर उभा राहून ओठ हलवतही होतो.

"अन् काही लपवत नाहीत," बंडूभाऊ म्हणाला.

मॅडमचं तोंड उघडलेलं होतं. ते त्यांनी मिटलं.

"तळमजला," त्या म्हणाल्या, आणि दार लागलं.